कुवेतचे तेल आणि हनुकाचे तेल

गेल्या हनुकाला आमच्या गावातील बेने इस्राएल मंडळींनी पाचव्या रात्रीचे दिवे एकत्र लावले. तेफिला झाली, मुलांनी गाणी म्हटली, सुफगानियोत झाले, चहा झाला, बायकांनी घरून करून आणलेली भजीही संपली. मंडळी पांगल्यावर आम्ही पाचसहा जणी मागे राहिलो आणि हॉल आवरला. नर्सची एक सवय जन्मभर सुटत नाही. वॉर्ड सोडताना कात्र्या, चिमटे, सुया सारे मोजून सोडायचे. त्या सवयीने मी कचऱ्याच्या काळ्या पिशव्या मोजल्या. अकरा भरल्या. माणसे होती जेमतेम नव्वद. पिशव्यांत प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, टेबलावर पसरलेला पातळ कागद आणि अर्धवट खाल्लेले सुफगानियोत.

एका तरुण सुनेने सहज विचारले, "मावशी, तुमच्या लहानपणी कोकणात सणाला एवढा कचरा होत असे का?" मी "छे, कुठला!" म्हणून मोकळी झाले. पण घरी आल्यावर वाटले की हे उत्तर पुरेसे नाही. का होत नसे, हे सांगायचे तर बराच मागचा इतिहास काढावा लागतो आणि त्यात माझ्या कुवेतच्या नोकरीचाही भाग येतो. म्हणून हा लेख.

सुरुवात तेलापासूनच करते. कुलाबा जिल्ह्यात (आता त्याला रायगड म्हणतात) शेजारीपाजारी आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत, हे आपल्या नातवंडांनाही पाठ आहे. १७६८ साली कोचीनचे यहेज्केल रहाबी यांनी अॅमस्टरडॅमच्या तोबियास बोआस यांना एक पत्र लिहिले. त्यातही कोकणातील बेने इस्राएल तेल गाळतात, शब्बाथ पाळतात आणि शेमा म्हणतात, अशी माहिती आहे. म्हणजे तेलाचा धंदा आणि शनिवारची सुट्टी या दोनच खुणांवर जग आपल्याला ओळखत होते.

पण गंमत पाहा. ज्या समाजाचे पोटच तेलावर भरत होते, त्याला तेलाचा सण मात्र ठाऊक नव्हता! नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण ही आपली जुनी मराठी नावे आहेत. हनुकाला असे जुने मराठी नाव नाही, कारण तो सण आपल्याकडे उशिरा आला. परंपरा अशी की आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, ते यरुशलेमच्या मंदिराचे शुद्धीकरण होण्याआधीच देश सोडून निघाले होते. मग तेलाच्या कुपीची गोष्ट त्यांना कळणार कशी? हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेलेला आपला इतिहास पाहावा. त्यांनीही अशीच संगती लावली आहे. पंडितांचे त्यावर वाद आहेत, त्यात मी पडत नाही. एवढे खरे की एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आणि हझान मुंबईत व कोकणात आले, आपल्या मुलांना हिब्रू शिकवू लागले आणि त्यांच्याबरोबर हनुकाही आपल्या घरांत शिरला.

आमच्या आजीच्या सासरी पूर्वी घाणा होता. माझ्या लहानपणी तो बंद पडून कित्येक वर्षे झाली होती. गिरण्यांचे तेल स्वस्त झाल्यावर बैलाच्या घाण्याला कोण विचारतो? परसात दगडी उखळ तेवढे उरले होते आणि त्यात आजीने सब्जा लावला होता. आजी सांगे, घाण्यातून निघालेल्या वस्तूपैकी फेकायचे असे काही नसेच. तेल विकायला, पेंड बैलाला आणि म्हशीला, तळाचा गाळ बैलगाडीच्या आसाला.

हनुकाला ती भिंतीवरची लाकडी फळी पुसून घेई. फळीला तारेची कडी आणि कड्यांत छोटे काचेचे पेले. पेल्यात आधी अर्ध्याहून अधिक पाणी, त्यावर खोबरेल तेलाचा बोटभर थर. पाण्यावर तेल तरंगते, वात तेल पिते आणि तेल संपून ज्योत पाण्याला टेकली की आपोआप विझते. पेला तडकत नाही आणि तेलही उगाच जळत नाही. वाती जुन्या पातळाच्या. पेल्यात तेल उरले तर ते दुसऱ्या रात्रीच्या दिव्यात जाई. आठव्या रात्री जे उरेल ते जाळून संपवायचे, डोक्याला किंवा आमटीला लावायचे नाही. शास्त्रही तेच सांगते, पण आजीने शास्त्र वाचलेले नव्हते.

आता शास्त्राचे दोन शब्द. हनुकाच्या आठ रात्रींत एक, दोन, तीन असे वाढवत गेले तर ३६ दिवे होतात, त्यात रोजचा शमाश धरला की ४४. दुकानात मिळणाऱ्या मेणबत्त्यांच्या पेटीत म्हणूनच ४४ कांड्या असतात. पण तालमूदाच्या शब्बाथ या मसेखेतमध्ये मूळ कर्तव्य सांगितले आहे ते एका घराला एका रात्री एक दिवा, एवढेच. वाढत जाणारे दिवे ही हौसेने पाळणाऱ्यांची रीत. मुदतही थोडी. बाजारातली वर्दळ थांबेपर्यंत दिवा जळावा म्हणजे झाले आणि पुढे लोकांनी ती अर्धा तास धरली. त्याच ग्रंथात कोणत्या तेलाचा दिवा चालेल यावर मोठी चर्चा आहे. एका रब्बींनी ऑलिव्हचे तेलच हवे म्हटले, तेव्हा दुसऱ्यांनी उठून विचारले की ज्यांच्याकडे तिळाशिवाय दुसरे तेल नाही त्या बाबेलच्या लोकांनी काय करावे आणि ज्यांच्याकडे नेफ्थाशिवाय काहीच नाही त्यांनी काय करावे? मला हा प्रश्न विचारणारे रब्बी फार आवडतात. कोकणातल्या खोबरेलाचीही त्यांनी बाजू घेतली असती.

नेफ्थाचा उल्लेख आणखी एका ठिकाणी आहे. तोरातील दवारिम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, शहराला वेढा घातला तरी फळझाडे तोडू नका अशी आज्ञा आहे. तिच्यावरूनच 'बाल तश्खित', म्हणजे नासाडी करू नये, हा सर्वसाधारण नियम निघाला. त्याचे उदाहरण शब्बाथ ग्रंथात दिव्याचेच दिले आहे. तेलाच्या दिव्यावर झाकण ठेवून त्याला भराभर जळू देणारा किंवा नेफ्थाच्या दिव्याचे झाकण काढून टाकणारा माणूस हा नियम मोडतो. एक चमचा तेलाच्या नासाडीवरही आपल्या रब्बींची नजर होती. कुवेतला असताना मला हे माहीत नव्हते. पुष्कळ वर्षांनी इथल्या एका वर्गात ऐकले, तेव्हा अंगावर काटा आला. तो का, ते पुढे येईल.

कुवेतचे नाव आमच्या घरी मी नोकरीला जाण्याआधीच होते आणि ते खजुरामुळे. मलिद्याच्या ताटात इतर फळांबरोबर खजूर हवाच, पण कोकणात खजूर पिकत नाही. तो येई आखातातून. शत-अल-अरबच्या काठचा, बसऱ्याचा खजूर कुवेतची लाकडी गलबते भरून घेत आणि कराची, मुंबई, मलबारपर्यंत आणून विकत. खजुरीच्याच पानांच्या विणलेल्या टोपल्यांत तो भरलेला असे. परत जाताना तीच गलबते मलबारचे सागवान, काथ्याचे दोर, तांदूळ आणि मसाले घेऊन जात. कुवेतमधली गलबते मलबारच्या सागवानाची बांधलेली असत, हे तिथल्या म्हाताऱ्या खलाशांनी मला स्वतः सांगितले आहे. ते पेशंट म्हणून आमच्या वॉर्डात असत आणि त्यांना मुंबईचे भेंडीबाजार, मस्जिद बंदर माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असे. १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार काढला. तोवर तिथे भारताचा रुपयाच चाले. शेवटची दोन वर्षे आखातासाठी छापलेल्या वेगळ्या नोटा होत्या.

आणि पाणी! आपण कुवेत म्हटले की तेलाच्या विहिरी आठवतो. बुरगानला तेल लागले १९३८ साली आणि पहिली बोट तेल भरून निघाली १९४६ साली. पण त्या आधी कुवेतला प्यायचे गोडे पाणीसुद्धा शत-अल-अरब नदीतून गलबतांनी भरून आणावे लागे. समुद्राचे पाणी गोडे करणारा सरकारी कारखाना १९५३ साली सुरू झाला. त्या म्हाताऱ्या खलाशांपैकी एक जण औषधाच्या गोळीबरोबर दिलेले पाणी थेंबभरही टाकत नसे. त्याची नात त्याच ग्लासात अर्धे पाणी ठेवून उठे. दोन पिढ्यांत एवढा फरक पडला.

कुवेतमध्ये एके काळी ज्यूंचीही छोटी वस्ती होती. बहुतेक घरे इराकमधून व्यापारासाठी आलेली. सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे प्रसिद्ध संगीतकार बंधू त्यांच्यातलेच. सालेहचा जन्म १९०८ चा, दाऊदचा १९१० चा, दोघेही कुवेतचे. त्यांच्या काकाने हिंदुस्थानातून येताना मुलांसाठी व्हायोलिन आणि ऊद आणले आणि तिथून त्यांची विद्या सुरू झाली असे सांगतात. पुढे ते इराकला गेले, १९३६ साली बगदाद रेडिओचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला आणि १९५१ साली अलिया करून इस्राएलला आले. तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मी मात्र कुवेतला गेले तेव्हा तिथे ज्यूंचे घर उरले नव्हते आणि इस्राएलचे नाव काढण्याचीही सोय नव्हती.

मी गेले १९८४ साली. अलिबागेस शाळा, मुंबईत नर्सिंगचा कोर्स, चार वर्षे मुंबईतच नोकरी आणि मग आखाताच्या पगाराची ओढ. धाकट्या भावंडांची शिक्षणे व्हायची होती. माझे आडनाव 'कर' लागून संपणारे, त्यामुळे तिथे कोणी फारसे विचारले नाही. अर्जातल्या धर्माच्या रकान्यात काय लिहिले, ते मी इथे लिहीत नाही.

मुंबईच्या वॉर्डात आम्हाला काचेच्या सिरिंजा उकळायला शिकवले होते. रबरी हातमोजे धुवायचे, भोक आहे का ते पाण्यात फुगवून पाहायचे, वाळवायचे, पावडर लावून जोड्या करायच्या आणि पुन्हा स्टरिलायझरला. गॉजच्या घड्या हाताने कापायच्या. कुवेतला पाहते तो सगळेच 'डिस्पोजेबल'. पहिल्या दिवशी वापरलेली सिरिंज टाकताना माझा हात अडखळला, तर शेजारची फिलिपिनो नर्स हसली. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर गैरसमज होईल. सुई आणि सिरिंज एकदाच वापरणे याला मी नासाडी म्हणत नाही. नीट न उकळलेल्या सुयांनी कावीळ पसरते, त्याने माणसे दगावतात. तिथे काटकसर करणे हा गुन्हा आहे. पण औषध मोजून प्यायचा ग्लास? तो काचेचा असतो, साबणाने धुतला की पुन्हा तयार. आमच्या वॉर्डात एके दिवशी प्लास्टिकच्या इवल्याशा पेल्यांची खोकी आली आणि काचेचे औन्स ग्लास टाकून द्यायला बाहेर काढले. मी इनचार्ज सिस्टरना विचारून त्यातले नऊ मागून घेतले. त्यांना वाटले, मला काजळ-कुंकू ठेवायला हवे असतील.

त्या नऊ ग्लासांत मी कुवेतमध्ये सहा हनुके केले. हॉस्टेलची खोली दोघींची. माझी सोबतीण कोट्टायमकडची सिरियन ख्रिश्चन, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मी तिला चेची म्हणत असे. वाती ड्रेसिंगच्या गॉजच्या, कापताना काठाला उरलेल्या पट्ट्यांच्या. तेल खोबरेल. मलबारी दुकानात हवे तेवढे मिळे, पण डिसेंबरात कुवेतची रात्र आठ-दहा डिग्रीवर येते आणि खोबरेल गोठून मेणासारखे घट्ट होते. बाटली आधी गरम पाण्यात धरून ठेवावी लागे. आजीने हा प्रसंग कधी पाहिला नव्हता, कोकणात खोबरेल गोठले तर फार तर पहाटेपुरते. मी औषधासारखे मोजून पाहिले. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल, अर्धा तास आरामात पुरते. ४४ दिव्यांना मिळून पाव लिटरही लागत नाही.

खिडकीत दिवा ठेवायचा प्रश्नच नव्हता. पडदा ओढून टेबलावर ठेवी. धोक्याच्या काळात दिवा घरातल्या टेबलावर ठेवला तरी चालतो, ही सवलत तालमूदानेच दिली आहे. तीही मला नंतर कळली, तेव्हा मी नुसती भीतीने तसे करत होते. पहिल्या वर्षी चेचीने "दिवाळी उशिरा करतेस का ग?" म्हणून विचारले. मी हो म्हटले. चौथ्या रात्री ती ड्यूटीवरून आली, दिव्यांकडे बघत उभी राहिली, मनाशी मोजले आणि हळूच म्हणाली, "आमच्या कोचीला मट्टांचेरीत असे एकेक वाढवतात." मी गप्प. तीही गप्प. कोचीनच्या लोकांनी आपल्याला शिकवलेला सण कोचीनजवळच्या बाईनेच ओळखला! त्यानंतरची पाच वर्षे तिने एकदाही विषय काढला नाही, पण हनुकाच्या दिवसांत माझी संध्याकाळची ड्यूटी असली तर न सांगता ती बदलून घेई. नाताळला मी तिला केक करायला मदत करी. तिचा नाताळचा तारा बांबूच्या कामट्यांचा आणि पातळ कागदाचा होता. कागद फाटला की बदलायचा, कामट्या सहाही वर्षे त्याच.

कुवेती लोकांचा हिवाळा म्हणजे वाळवंटातले तंबू. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत नगरपालिका तळ ठोकायला परवानगी देते आणि कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर राहायला जातात. पाऊस चांगला झाला तर वाळूत 'फगा' नावाचा अळंबीसारखा कंद मिळतो, तो शोधायचा, भाजायचा, खायचा. जुने बदू बकरीच्या केसांच्या तंबूत राहत. ते उठून गेले की मागे राख आणि लेंड्या एवढेच उरे. आम्हाला १९८७ च्या हिवाळ्यात वॉर्डातल्या लोकांनी असे एकदा नेले होते. शेकोटी, कॉफी, आकाशात चांदण्या, फार सुंदर दिवस गेला. पण परतताना पाहिले तर आमच्या आणि आसपासच्या तंबूंच्या मागे पिशव्या, बाटल्या, डबे वाऱ्याने उडून अर्फजच्या झुडपांना लटकले होते. अर्फज हे पिवळ्या फुलांचे झुडूप कुवेतचे राष्ट्रीय फूल आहे. मोटारींच्या चाकांखाली ते मोडते आणि मग वाळू धरून ठेवायला काही उरत नाही. त्या कचऱ्यात आम्ही नर्सेसही सामील होतो, हे लपवत नाही.

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्या दिवसांची हकीकत वेगळी लिहावी लागेल. अम्मानपर्यंत बसने आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने एक लाखाहून अधिक हिंदी माणसे त्या वेळी मायदेशी आणली गेली. त्यांत सप्टेंबरमध्ये मीही होते. एक बॅग घ्यायची मुभा होती. औन्स ग्लास चेचीजवळ ठेवले; ती मागून दुसऱ्या तुकडीने निघाली आणि ते खोलीतच राहिले. १९९२ साली ती कामावर परत गेली तेव्हा हॉस्टेलची खोली रिकामी होती. पलंगसुद्धा नव्हते, असे तिने पत्रात कळवले.

तो हिवाळा मी अलिबागला आईकडे काढला. ३० जानेवारी १९९१ रोजी तू-बिश्वात होता. आम्ही नेहमीप्रमाणे खंडाळ्याला गेलो. लोणावळ्याचे नव्हे, अलिबागजवळचे खंडाळे, जिथून एलियाहू हन्नाबी स्वर्गात गेले असे आपण मानतो आणि जिथल्या खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा दाखवतात. झाडांचा नवा वर्ष-दिवस आणि एलियाहू हन्नाबीचा उरूस आपल्याकडे एकाच दिवशी येतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंनी ही सांगड घातली असेल असे मला वाटत नाही.

मलिद्याचे ताट आठवून पाहा. भिजवून फुलवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्ते. वरती केळी, खजूर, सफरचंद, हंगामातली इतर फळे. सब्जाची डहाळी, गुलाबाची फुले. प्रत्येक बेराखेला त्या-त्या वस्तूचा घास आणि वास. वाटायला पळसाच्या पत्रावळी नाहीतर केळीची पाने. कार्यक्रम संपल्यावर साली आणि पाने गुरांना, करवंट्या चुलीत, काथ्या भांडी घासायला. उरलेला मलिदा डब्यातून शेजारच्या आगरी, मुसलमान, मराठा घरी पोचता होई. कचरा म्हणून वेगळी गोष्टच नव्हती. त्या सुनेच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

त्या वर्षी मात्र कोणाचे चित्त ठिकाणावर नव्हते. माझी थोरली बहीण लोदला होती आणि इस्राएलवर १८ जानेवारीपासून स्कड पडत होते. ती मुलांना घेऊन, दारांच्या फटी चिकटपट्टीने बंद करून, तोंडावर गॅसचा मुखवटा लावून बसत होती. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला होता. कुवेतच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडलेल्या तेलाने माखलेला पाणकावळा, त्याला पंख उचलता येत नव्हते. आईने तो कागद मलिद्याचे डबे गुंडाळायला घेतला होता, मी तिच्या हातून काढून घेतला. मग फेब्रुवारीत इराकी सैन्याने जाता जाता विहिरी पेटवल्या. सहाशेहून अधिक विहिरी जळत होत्या. दिवसाला अंदाजे ४० ते ६० लाख पिंपे तेल जळून जात होते आणि एका पिंपात १५९ लिटर असतात. भर दुपारी दिवे लावावे लागत, पाऊस काळा पडे. लढाई थांबली २८ फेब्रुवारीला, नेमकी आपल्या होळीच्या सणाला. शेवटची विहीर विझली ६ नोव्हेंबर १९९१ रोजी. वाळवंटात साचलेली तेलाची शेकडो तळी पुढे कित्येक वर्षे तशीच होती. तेलाच्या दिव्यावर झाकण ठेवणाऱ्याला दोष देणारे रब्बी हे पाहते तर काय म्हणाले असते, या विचारानेच तो काटा आला होता.

मी १९९२ साली अलिया केली. इथे आल्यावर नोकरी, भाषा, मुले यांत हनुकाची मेणबत्त्यांची पेटी केव्हा सुरू झाली, कळलेही नाही. बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या. पॅराफिन म्हणजे खनिज तेलाचाच भाऊ. मी कुवेतचे तेल सोडून आले आणि तेच रंगीत होऊन माझ्या हनुकियात येऊन बसले! गेली सात वर्षे मी पुन्हा पेल्यांत तेलवात लावते. पेले दह्याच्या छोट्या बरण्यांचे, तेल कधी खोबरेल, कधी ऑलिव्हचे. नातवंडांना पाणी आणि तेल वेगळे राहते ही जादूच वाटते. दिवे लावायला ती आता बोलावल्याशिवाय येतात.

प्लास्टिकच्या ताटल्यांचा प्रश्न मात्र घरापुरता नाही. इस्राएलात १ नोव्हेंबर २०२१ पासून अशा ताटल्या-पेल्यांवर कर बसला होता, तो २०२३ च्या सुरुवातीस उठला. मोठ्या कुटुंबांना तो जड जातो असे म्हणणाऱ्यांचेही काही चूक नव्हते, त्या राजकारणात मी शिरत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली. तरी काही वर्षांमागे मी सहलीबरोबर खंडाळ्याला गेले, तेव्हा खडकाजवळ पाण्याच्या बाटल्या पडलेल्या पाहिल्या. बाटल्या आमच्याच बसमधल्या होत्या. आम्ही चौघींनी त्या गोळा केल्या. गाइडला वाटले आम्ही रुसलो.

हा विषय मंडळाच्या बैठकीत मांडला, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, आपले आजे गरीब होते म्हणून पत्रावळीवर जेवले. आता देवाने दिले आहे तर पुन्हा गरिबी कशाला?" त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. आजी काही पर्यावरणासाठी जुन्या पातळाच्या वाती करत नव्हती. तिच्याकडे दुसरे काही नव्हते आणि कधीकधी ते पातळही नेसायला हवे असे. गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांचा मला राग येतो. मी गरिबांचे पाय धुतलेले आहेत. पण कुवेतच्या त्या खलाशाची नात पाणी टाकत होती, ती काही श्रीमंतीचे सुख घेत नव्हती. तिला ते पाणी दिसतच नव्हते. अकरा पिशव्या आम्हालाही मोजेपर्यंत दिसल्या नव्हत्या, एवढेच मी त्यांना म्हटले.

दुसरी हरकत अधिक खरी होती. भांडी घासणार कोण? बायकाच! दिवसभर राबून सणाला आलेल्या सुनांनी पुन्हा मोरीपाशी उभे राहायचे का? प्लास्टिकने बाईला सणाच्या दिवशी बसायला दिले, हे मला मान्य आहे. बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरले ते असे: प्रत्येक घराने आपापल्या स्टीलच्या ताटल्या, वाट्या आणि पेले पिशवीतून आणायचे, खरकटे तिथल्या तिथे एका बादलीत काढायचे आणि भांडी घरी नेऊन ज्याची त्याने घासायची. पुरुषांनीही. सुफगानियोत माणशी एकच, आणि उरतील ते घरी नेण्यासाठी प्रत्येकाने डबा आणायचा. त्या गृहस्थांनी विरोधात हात वर केला, पण ताटली मात्र आणली, तीही पितळेची, कल्हई केलेली.

तू-बिश्वातच्या मलिद्याला पहिला प्रयोग झाला. माणसे ७४, पिशव्या दोन. त्यातली एक नुसत्या फळांच्या सालींची, ती एका भगिनीने बागेसाठी नेली. एकच घोटाळा झाला. ताटल्या सगळ्या सारख्या दिसतात, त्यामुळे पुष्कळांच्या बदलल्या. आपल्या आया मुंबईत भांड्यांवर नाव घालून घेत, तसे करून घ्यावे. इथे चाव्या करून देणारा कारागीर ते काम करतो. माझ्या दोन ताटल्या अजून आलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे काठाला दुहेरी रेघ असलेल्या असतील, त्यांनी कृपया पुढच्या कार्यक्रमाला घेऊन याव्यात.